वाचकांचे प्रश्न : गावाकडील वृद्धांमधील स्मृतिभ्रंश

या महिन्यात मराठवाड्यातून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे घरातील वृद्धांच्या विसरण्याविषयी होती. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख उघड होऊ नये म्हणून नावे वगळली असून मजकूर थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : स्मृतिभ्रंश हा शहरातील, बैठे काम करणाऱ्या लोकांचा आजार आहे, अशी माझी समजूत होती. रानात राबणाऱ्या आणि साधी भाकरी खाणाऱ्या माणसाला तो होत नाही, असे आमच्याकडे पारावर नेहमी बोलले जाते. परंतु अलीकडे आमच्याच गल्लीतील तीन-चार वृद्धांची अवस्था पाहून शंका येऊ लागली आहे. खेड्यात हा आजार खरोखर किती प्रमाणात आहे?
(निवृत्त शिक्षक, औसा तालुका, जि. लातूर)

उत्तर : गुरुजी, आपली शंका रास्त आहे. पारावरच्या समजुतीला एके काळी संशोधनाचाही आधार मिळत होता. हरियाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांत झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६५ वर्षांपुढील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के आढळले होते. जगभरातील तोवरच्या आकड्यांत ते सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक होते, आणि ग्रामीण भारत या आजारापासून बराचसा सुरक्षित आहे, असे त्यावरून अनेकांना वाटले.

त्यानंतर २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात विकसनशील देशांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे मर्म तिच्यात आहे. या पाहणीत प्रत्येक वृद्धाला दोन निरनिराळे निकष लावले होते. अमेरिकेत तयार झालेल्या प्रचलित निकषाने ग्रामीण भारतातील प्रमाण केवळ ०.३ टक्के आले. अल्पशिक्षित समाज डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेल्या दुसऱ्या निकषाने मात्र पाहणीतील एकाही ठिकाणचे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आले नाही. प्रचलित निकषानुसार रोजच्या कामात अडथळा येतो असे घरच्यांनी सांगितल्याशिवाय निदान होत नव्हते, आणि आपल्या खेड्यांतील घरे तसे सांगत नाहीत. आजीला ताट वाढून दिले जाते, अंघोळीचे पाणी काढून दिले जाते, बाजारहाट नातू करतो, पैशाचा व्यवहार मुलगा पाहतो. जी कामे वृद्धाकडे उरलेलीच नाहीत, ती त्याला जमत नाहीत हे कोणाच्या लक्षात यावे? घरच्यांच्या मायेमुळे आजार झाकला जातो, आणि पाहणी करणारा माणूस वहीत ‘काही तक्रार नाही’ असे लिहून परत जातो.

आज आपल्याकडे याहून चांगली माहिती उपलब्ध आहे. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, दिल्लीचे एम्स आणि परदेशांतील विद्यापीठे यांच्या सहभागातून देशभर झालेल्या ‘लासी’ या वृद्धांच्या अभ्यासाचा एक भाग केवळ स्मृतिभ्रंशासाठी होता. त्यात ४ हजारांहून अधिक वृद्धांची सविस्तर तपासणी झाली आणि घरच्यांशी वेगळे बोलून माहिती घेण्यात आली. त्यावरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार ६० वर्षे व त्यापुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. पुरुषांत ते ५.८ टक्के, तर स्त्रियांत ९ टक्के आहे. शहरांत ते ५.३ टक्के असून ग्रामीण भागात ८.४ टक्के आहे. पारावरच्या समजुतीच्या अगदी उलट चित्र आहे हे.

हे आकडे संपूर्ण देशाचे आहेत, आणि राज्याराज्यांत बरीच तफावत आहे; म्हणून ते आपल्या तालुक्याला जसेच्या तसे लावू नयेत. तरीही अंदाजापुरता हिशेब करून पाहा. तीन हजार वस्तीच्या गावात साठीपुढची साधारण तीनशे माणसे धरली, तर ग्रामीण सरासरीने त्यांतील पंचवीस जणांना हा आजार असू शकतो. गल्लीत तीन-चार माणसे दिसणे हा योगायोग नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. याखेरीज ज्यांची स्मरणशक्ती वयाच्या मानाने अधिक कमी झाली आहे, पण रोजचे व्यवहार अजून सुरळीत चालतात, अशांची संख्या वेगळीच. या अवस्थेला वैद्यक सौम्य बोधनक्षय म्हणते. त्यांतील काहींचा आजार पुढे वाढतो, काही जण वर्षानुवर्षे आहेत तसेच राहतात, आणि काही सुधारतातही.

खेड्यात प्रमाण अधिक का, याचे एक मोठे कारण शिक्षणाचा अभाव हे आहे. बालपणी आणि तारुण्यात शिकलेल्या मेंदूजवळ एक प्रकारची शिल्लक साठते, आणि पुढे मेंदूची झीज सुरू झाली तरी ती शिल्लक काही वर्षे कामी येते. मराठवाड्याच्या बाबतीत याला इतिहासाची जोड आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता, खेडोपाडी शाळा नव्हत्या, जिथे होत्या तिथे माध्यम बहुधा उर्दू होते, आणि मुलींना शाळेत पाठवण्याचा तर विचारच बहुतेक घरांत नव्हता. आज जे पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, त्यांचा जन्म त्याच काळाच्या आगेमागे झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली तरुण पिढी ती हीच. त्या पिढीतील ज्या आजीबाई आयुष्यात कधी पाटीला शिवल्या नाहीत, त्यांच्यात हे प्रमाण अधिक असावे, यात त्यांचा काहीही दोष नाही.

शिक्षणाखालोखाल उपचारांविना राहिलेले आजार येतात. ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये बदलता येण्याजोगी १४ कारणे सांगितली आहेत, आणि ती सर्व पूर्णपणे टाळता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, कमी झालेली श्रवणशक्ती, उपचार न केलेला दृष्टिदोष, नैराश्य, डोक्याला झालेली इजा, धूम्रपान, अतिमद्यपान, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण ही कारणे आहेत. मोतीबिंदू पिकून डोळे गेलेले, वर्षानुवर्षे ऐकू न येणारे आणि रक्तदाबाची गोळी ‘बरे वाटते’ म्हणून बंद केलेले किती वृद्ध आपल्या गावात आहेत, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. चुलीचा धूरही प्रदूषणातच धरावा, असे मला वाटते. अंगमेहनतीचा लाभ शेतकऱ्याला मिळतो हे खरे. पण तो या सर्वांवर मात करण्याइतका मोठा नाही.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या तपासणी अर्जात साठीपुढील व्यक्तींना ‘जवळच्या माणसांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का?’ असे विचारायचे असते. जवळजवळ सर्वच जण ‘नाही’ म्हणतात. ज्यांनी शाळा पाहिली नाही, त्यांना तारीख किंवा वजाबाकी विचारून तरी काय समजणार? मी नेमके काय विचारावे?
(जि. हिंगोली)

उत्तर : ताई, आपण हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला, कारण गावात हा आजार सर्वप्रथम आपल्यालाच दिसणार आहे. अर्जातील तो प्रश्न जरूर विचारावा. परंतु स्वतःच्या घराचा पत्ता किंवा लेकराचे नाव माणूस विसरतो तेव्हा आजार पुष्कळ पुढे गेलेला असतो. शिवाय ज्याची स्मृती गेली आहे त्याला आपण विसरतो हेही आठवत नाही, त्यामुळे त्याच्या ‘नाही’वर विसंबता येत नाही.

अक्षरओळख नसलेल्यांसाठी वेगळी चाचणी हवी, हे संशोधकांनाही जाणवले होते. बल्लभगडच्या पाहणीसाठी १९९५ च्या सुमारास एक हिंदी चाचणी बेतण्यात आली, तिच्यात वाचणे-लिहिणे अजिबात नाही. ‘डोळे मिटा’ असे कागदावर लिहून दाखवण्याऐवजी तपासणारा स्वतः डोळे मिटतो आणि ‘मी करतो तसे करा’ असे सांगतो. वर्ष विचारण्याऐवजी आता सकाळ आहे की दुपार, हे विचारले जाते. हीच वाट आपणही धरू शकता. सध्या रानात कोणते पीक उभे आहे, आषाढी होऊन गेली की यायची आहे, बाजार कोणत्या वारी भरतो, माळकरी असतील तर गेली एकादशी कधी झाली, ही माहिती न शिकलेल्या आजीलाही पक्की असते. ती चुकू लागली तर त्याची नोंद घ्यावी. मात्र ऐकू न आल्यामुळे चुकीचे उत्तर आले नाही ना, याची खात्री आधी करून घ्यावी.

याहून महत्त्वाची माहिती घरच्यांकडून मिळते, आणि ती वृद्धासमोर विचारू नये. सुनेला किंवा लेकीला बाजूला घेऊन असे विचारावे की, दोन वर्षांपूर्वी या स्वतः करीत असत आणि आता करीत नाहीत असे कोणते काम आहे, आणि ते का सुटले? ‘का’ हा शब्द सोडू नका. गुडघे धरले म्हणून विहिरीवर जाणे थांबले, तर तो स्मृतीचा प्रश्न नव्हे. पण पन्नास वर्षे भाकरी थापणारी बाई काठवटीत पीठ घेऊन बसते, पाणी घालते, पुन्हा पाणी घालते, पिठाचा पार चिखल होतो, आणि आता पुढे काय करायचे हे न सुचून ती हात तसेच धरून बसून राहते. तेव्हा गुडघ्यांचा किंवा डोळ्यांचा काही संबंध नसतो. हातात मुरलेल्या कामाचा क्रम मोडणे ही फार बोलकी खूण आहे. म्हशीची धार काढून झाल्यावर पुन्हा चरवी घेऊन गोठ्याकडे निघणे, तिफण जोडताना अडून बसणे, जेवून हात धुतल्यावर ‘मला कोणी जेवायला वाढले नाही’ म्हणणे, सुट्या पैशांचा हिशेब न लागणे, ओळखीच्या पायवाटेवर चुकणे, यांपैकी काही गेल्या सहा महिन्यांत वा वर्षभरात सुरू होऊन वाढत असेल, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी पाठवावे. प्रत्येकाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी करावी. शेजारची आजी अजून पोथी म्हणते, याला येथे काही अर्थ नाही.

निदान करणे हे आपले काम नाही, आणि घरात ‘यांना डोक्याचा आजार आहे’ असे बोलूही नये. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाण्यास सांगावे. किनवट-देगलूरकडे घरात तेलुगू, अनेक गावांत दखनी आणि बाहेर मराठी असे चालते; तपासणी नेहमी ज्या भाषेत ती व्यक्ती घरात बोलते, त्याच भाषेत व्हावी. जाता जाता सांगतो, हैदराबादच्या निजाम आयुर्विज्ञान संस्थेत ६४८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाल्याचे दिसले, आणि निरक्षर रुग्णांतही तसाच फरक आढळला.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. वर्षभरापासून त्या मी त्यांचे पैसे चोरले असे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. दिवस मावळला की ‘मला माझ्या घरी जायचे आहे’ म्हणून गाठोडे बांधतात. यजमान म्हणतात की त्या मुद्दाम करतात. जाऊबाईंना हे बाहेरचे वाटते आणि त्या देवऋष्याकडे न्यायचे म्हणतात. यावर औषध आहे का? त्या बऱ्या होतील का?
(गृहिणी, जि. बीड)

उत्तर : ताई, सर्वांत आधी हे मनाशी पक्के करा की सासूबाई मुद्दाम करीत नाहीत आणि तुम्हीही काही चुकलेले नाही. पैसे कुठे ठेवले हे आठवत नाही, आणि ठेवल्याचेही आठवत नाही. मग कोणीतरी नेले असावे, एवढाच निष्कर्ष त्यांच्या मनाला सुचतो. आळ मात्र घरात जो सर्वांत जवळ वावरतो त्याच्यावर येतो. या आजारात हा चोरीचा संशय इतका सर्रास आढळतो की, वर्णन ऐकताच डॉक्टरांच्या मनात स्मृतिभ्रंशाचा विचार येतो. हे पत्र यजमानांना वाचून दाखवा, अशी माझी विनंती आहे.

देवऋष्यापेक्षा डॉक्टरांकडे आधी जावे, कारण विसरण्याची काही कारणे पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी बरी होतात आणि ती शोधण्यास उशीर करणे परवडणारे नसते. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, जी वर्षानुवर्षे शाकाहार करणाऱ्यांत आणि म्हातारपणी बऱ्याचदा दिसते, थायरॉइडचे कार्य मंदावणे, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात हळूहळू साचलेले रक्त, आणि झोपेच्या किंवा लघवीच्या काही गोळ्यांचा परिणाम, ही त्यांतील प्रमुख कारणे होत. रक्ताच्या साध्या तपासण्या, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि गरज पडल्यास मेंदूचा सीटी स्कॅन, एवढ्यावर बराच उलगडा होतो. घेतलेल्या प्रत्येक गोळीचे पाकीट पिशवीत घालून न्या, औषधाचे नाव आठवण्याची गरज नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो. विसरणे, बडबड किंवा गुंगी दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाली, तर तो स्मृतिभ्रंश नसून शरीरातील दुसऱ्या बिघाडामुळे झालेला संभ्रम असण्याची दाट शक्यता असते. लघवीचा संसर्ग, ताप, एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी होणे, रक्तातील मीठ किंवा साखर उतरणे, ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ही कारणे नसतील आणि आजार अल्झायमरचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराचा, निघाला, तर तो मुळातून बरा करणारे औषध आज नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधे काही रुग्णांत काही काळ उपयोगी पडतात; त्यांच्याकडून माफक अपेक्षा ठेवावी आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या महागड्या काढ्यांवर पैसा घालवू नये. सासूबाईंचा त्रास कमी होतो तो बहुतांशी घरच्यांच्या वागण्याने, आणि हे मी तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. चोरीच्या आरोपावर वाद घालू नये, शपथा घेऊ नयेत. ‘चला, आपण दोघी मिळून शोधू’ असे म्हणावे. त्यांच्या ठेवण्याच्या जागा ठरलेल्या असतात: उतरंडीतले मडके, उशीची खोळ, धान्याची कणगी, जुन्या लुगड्याची घडी. त्या तुम्हाला ठाऊक असू द्याव्यात. थोडी चिल्लर असलेली एक चंची त्यांच्या कमरेला राहू द्यावी, म्हणजे हात लावला की त्यांच्या जिवाला धीर येतो.

दिवेलागणीला ‘घरी जायचे’ म्हणतात तेव्हा बहुधा त्यांच्या मनात माहेर असते. ‘हेच तुमचे घर आहे’ असे सांगून उपयोग होत नाही. त्याऐवजी माहेरच्या माणसांची विचारपूस करावी, दिवा लवकर लावावा, अंगणात दोन फेऱ्या माराव्यात, शेंगा निवडण्यासारखे एखादे हलके काम हातात द्यावे. आडावर झाकण, विहिरीच्या वाटेला फाटक आणि त्यांच्या लुगड्याच्या पदराला किंवा गळ्यातील दोऱ्याला घरचा फोन नंबर, एवढी काळजी आजच घ्या. त्यांना बांधून किंवा कोंडून कधीही ठेवू नये. जाऊबाईंना अंगाऱ्याने समाधान वाटत असेल तर मी त्यात पडणार नाही. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे, हे त्यांना स्पष्ट सांगावे.

आणि ताई, हे ओझे तुम्ही एकटीने वाहू नये. आई यजमानांची आहे. आठवड्यातून किमान दोन वेळा त्यांनी तिची अंघोळ-जेवण पाहावे आणि तुम्हाला दोन-चार तास मोकळे मिळावेत. ही मागणी करण्यात कसलाही कमीपणा नाही. सांभाळणारी व्यक्ती खचली, तर आजारी माणसाचेही हाल होतात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातो आणि उन्हाळ्यात परत येतो. गावी आई-वडील दोघेच असतात. यंदा आलो तेव्हा वडिलांना मला ओळखायला वेळ लागला. आई म्हणते, त्यांना काही झालेले नाही. पुढच्या खेपेला जाण्यापूर्वी काय करावे?
(ऊसतोड कामगार, जि. बीड)

उत्तर : भाऊ, दोघेच राहणाऱ्या वृद्ध जोडप्यांत एक जण दुसऱ्याची उणीव भरून काढतो, आणि त्यामुळे आजार कोणाच्या नजरेस येत नाही. वडिलांच्या वतीने आई उत्तरे देत असेल, फोनवर तीच बोलत असेल, तर तुम्ही वडिलांशी वेगळे बोला. फोनवर ‘बरे आहात का’ एवढेच विचारू नका; काल कोण आले होते, काय खाल्ले, औषध कोणी दिले, अशी कालची-परवाची माहिती विचारा, कारण जुन्या आठवणी बराच काळ टिकतात आणि त्या ऐकून आपली फसगत होते. आई खोटे बोलते असे समजू नका. ती घाबरली आहे.

टोळी निघण्यापूर्वी वडिलांना बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी जे जवळ पडेल तेथे दाखवून आणा. आई-वडिलांजवळ कोणी तरी हवेच. बहीण, भाऊबंद किंवा विश्वासू शेजारी यांच्याशी तुम्ही समोरासमोर बसून ठरवा, आणि आशाताईंच्या कानावरही घाला. वडिलांच्या अंगठ्याने बँकेतून पैसे निघत असतील, तर कोण काढतो आणि किती, याकडे लक्ष ठेवा. या आजारात म्हाताऱ्यांची लुबाडणूक फार लवकर होते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासनाचे फोन क्रमांक आहेत, त्यांवर मराठीतून बोलता येते. वडिलांचे वय ७० पूर्ण असेल तर उत्पन्नाची अट नसलेले आयुष्मान कार्ड काढून घ्या. त्यात वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या त्यावर मिळणार नाहीत, त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवा आणि तुम्ही परत येईपर्यंत दर महिन्याला त्या कोण आणणार, हे निघण्याआधी ठरवा.